डावा डोळा उघडा

१

सशाच्या शिकारीला निघताना वाघाच्या शिकारीची तयारी करावी, असं म्हणतात. डॉक्टर पद्माकर निरगुडकरांनी सशांसाठी केलेली तयारी पाहून एखादा वाघसुद्धा ओशाळला असता. पोलिसांचे फॉर्म, ओळख देणारे दोन सद्गृहस्थ, भिंतीत चार बोल्ट ठोकून बसवलेलं पोलादी कपाट, आणि जमीन बघायला येऊन दोन कप चहा पिऊन गेलेला एक पोलीस अधिकारी. एवढं सगळं झाल्यावर २००७च्या मार्चमध्ये लायसन्स हातात पडलं आणि आठवड्याभरात एक बारीक नळीची टू-टू रायफल कपाटात जाऊन उभी राहिली. राहिला होता तो फक्त स्कोप, म्हणजे बंदुकीवर बसवायची दुर्बीण.

डॉक्टर अडुसष्ट वर्षांचे. बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलांत चौतीस वर्षं डोळ्यांची ऑपरेशनं केली आणि रिटायर होऊन वूस्टरशरच्या एका खेड्यात दोन एकरांचं घर घेतलं. आयुष्यात ढेकणापलीकडे काही मारलेलं नाही. असा माणूस बंदूक घेतो म्हणजे कारण तसंच असणार.

कारण होतं त्यांची बायको, लीलावती. दोन वर्षांपूर्वी तिला आतड्याचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, रिपोर्ट स्वच्छ आले, पण बाई काही उठून बसेनात. तेवढ्यात कुणीतरी लेस्टरहून मेथीचं बी आणून दिलं आणि डॉक्टरांना जे जमलं नाही ते त्या मूठभर बियांनी केलं. लीलाबाई गाउनवर स्वेटर चढवून मागच्या जमिनीत उतरल्या, तीन वाफे केले, दोन वेळा जेवायला लागल्या. मेथी चार पानांवर आली आणि एका रात्रीत सशांनी तिचा फडशा पाडला. पुन्हा पेरली, पुन्हा तेच. जाळी लावली तर ते खालून उकरून आले. तिसऱ्या वेळी लीलाबाईंनी उरलेल्या बियांची पुडी कपाटात टाकली आणि म्हणाल्या, "राहू दे आता."

मग फिरायला जाणं राहू दे, फोन राहू दे, अर्धी पोळी राहू दे. अख्खा हिवाळा असा गेला. हा सूर डॉक्टरांच्या ओळखीचा होता. असं म्हणायला लागलेली माणसं फार दिवस काढत नाहीत, हे त्यांनी वॉर्डांतून पाहिलं होतं. या उन्हाळ्यात मेथी उगवलीच पाहिजे, असा त्यांनी निश्चय केला. निरगुडकरांचा निश्चय म्हणजे घोरपड. एकदा चिकटली की सुटायची नाही.

२

किडरमिन्स्टरला बंदुकांचं एक जुनं दुकान होतं. मालक डेरेक, सत्तरीचा, कानात यंत्र.

"किती लांबून मारणार, डॉक्टर?"

"पन्नास ते ऐंशी यार्ड."

डेरेकने काउंटरवर हिरव्या कापडावर तीन स्कोप मांडले. एक छोटा, चार पॉवरचा, त्यात फिरवायचं काहीच नाही. दुसरा मधला, अंगठी फिरवली की तीनपासून नऊपर्यंत जाणारा. तिसरा चोवीसपर्यंत जाणारा, चांगला हातभर लांब. डॉक्टरांचा हात तिसऱ्याकडे गेला.

"सगळे आधी तोच उचलतात," डेरेक म्हणाला. "चोवीसवर तुमच्या छातीचा ठोकासुद्धा काचेत हलताना दिसेल. ससा मात्र शोधून सापडणार नाही, कारण मैदान एवढंसं होऊन जातं. पॉवर म्हणजे सर्वस्व नव्हे."

डॉक्टरांनी मधला उचलून काच न्याहाळली. "चाळीस मिलिमीटरची काच, भागिले नऊ. म्हणजे डोळ्यात साडेचार मिलिमीटरचा उजेड येणार. माझ्या वयाला बाहुली पाचाच्या वर उघडत नाही. याच्याहून मोठी काच घेतली तर उजेड फुकट जाईल."

"पंचवीस वर्षं काचा विकतोय. हे गणित मला कुणी सांगितलं नव्हतं."

डॉक्टरांनी स्कोप डोळ्याला लावून दुकानाच्या दारातून रस्त्यापलीकडचं घड्याळ बघितलं. डेरेक त्यांच्याकडे बघत होता. "दोन्ही डोळे उघडे ठेवता? नवीन माणूस एक मिटतो. ती सवय मोडायला मला महिने लागतात."

"आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी तेच शिकवतात. पेशंटच्या डोळ्यात उजव्या डोळ्याने बघायचं आणि डावा उघडा ठेवायचा, नाहीतर संध्याकाळपर्यंत कपाळ दुखतं. उजवा बघतो. डाव्याला दिसतं, पण त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही. चाळीस वर्षं मी त्याला विचारलेलं नाही, बाबा तुला काय दिसतं म्हणून."

डेरेक हसला. "तिन्ही घेऊन जा आठवडाभर. जिथे बसून मारणार तिथे बसून बघितल्याशिवाय स्कोप घेऊ नये."

३

घरामागे अवजारांची शेड होती. तिच्या दारात स्टूल, पुढ्यात बागेतलं टेबल, टेबलावर वाळूची पिशवी. समोर वीस यार्डांवर लीलाबाईंचे तीन ओसाड वाफे. त्यापुढे गवताचा उतार. उताराच्या मध्यावर पूर्वीच्या मालकाच्या घोड्यांचं पाण्याचं पत्र्याचं टाकं. आणि शंभर यार्डांवर काटेरी कुंपण, त्यात वेलींनी गच्च बांधून टाकलेलं एक लाकडी फाटक. फाटकामागे मातीचा उंच बांध. गोळी चुकली तरी मातीत जाणार, म्हणून तर पोलिसाने जागा पास केली होती.

एप्रिलमधली दुपार, पाच वाजले होते. ऊन स्वच्छ. डॉक्टरांनी चारचा स्कोप पिशवीवर टेकवला, उजवा डोळा लावला आणि फाटक बघितलं. फाटकाच्या डाव्या खांबापाशी कुणीतरी उभं होतं.

शेजाऱ्याचं पोर असेल असं त्यांना आधी वाटलं, कारण खांबाच्या मानाने ते बरंच बुटकं होतं. पण अंगलट पोराची नव्हती. खांदे रुंद, हात सरळ खाली, जरासुद्धा हालचाल नाही. डॉक्टरांनी मान वर करून नुसत्या डोळ्यांनी बघितलं. फाटकाशी कुणी नव्हतं. पुन्हा स्कोप लावला. होतं.

त्यांनी मधला स्कोप घेतला. तीनवर फाटक दिसलं आणि तो दिसला. मग ते सावकाश अंगठी फिरवत गेले. चार, सहा, नऊ. फाटक जवळ आलं, खांब जाड झाला, वेलीच्या पानांच्या शिरा दिसायला लागल्या. कुंपणाच्या बुडाशी एक ससा बसला होता, त्याच्या कानातून ऊन आरपार जाताना दिसलं.

माणूस वाढला नाही.

तीनवर तो जेवढा होता तेवढाच नऊवर होता. फक्त आता फाटक एवढं मोठं झालं होतं की तो त्याच्या सगळ्यात खालच्या फळीलाही पोचत नव्हता. डॉक्टरांनी चोवीसवाला लावला. काचेत फाटकाची एक गंजलेली बिजागरी तेवढी मावली, आणि त्या बिजागरीच्या कडेला तो उभा होता. तेवढाच. हात लांब केल्यावर करंगळीचं नख दिसतं तेवढा.

"अहो, चहा," लीलाबाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारली. "काय एवढं बघताय?"

"काचा तपासतोय," डॉक्टर म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

४

घाबरण्यासारखं काही नाही, असं त्यांनी चहा पिताना ठरवलं. भिंग आपल्या पुढचं सगळं वाढवतं. जे वाढत नाही ते भिंगाच्या पुढे नाहीच, अलीकडे आहे. अलीकडे आहे तो डोळा. म्हणजे दुखणं डोळ्यात. हजारो पेशंटांना त्यांनी हे समजावून सांगितलं होतं आणि पेशंट निश्चिंत होऊन घरी गेले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नीट तपासणी केली. स्कोप लावून डावा डोळा मिटला. तो गेला. उघडला, आला. म्हणजे दोष डाव्या डोळ्यात, उजव्याचा संबंध नाही. मग त्यांनी उजवा मिटून नुसत्या डाव्याने फाटक बघितलं. मोकळं फाटक, मोकळा खांब. डाव्या डोळ्याला बघायला लावलं की काही नाही. त्याला सोडून दिलं, लक्ष उजव्याकडे ठेवलं, की कडेला तो उभा. अशी खोड असलेला आजार कुठल्या पुस्तकात होता ते त्यांना आठवेना.

त्यांचा जुना विद्यार्थी यशोधन आता बर्मिंगहॅमला कन्सल्टंट होता. त्याने सगळ्या तपासण्या केल्या, बाहुल्या मोठ्या करून पडदे बघितले, कडेची नजर मोजणारी फील्ड टेस्ट केली.

"सर, ऑनेस्टली, तुमच्या एजला एवढा क्लीन रेटिना मी बघितलेला नाही. फील्ड्स फुल आहेत. डावा तर उजव्यापेक्षा बेटर आहे."

"मग तो मनुष्य कोण?"

"ब्रेन हो, सर. तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना. तुम्ही डाव्या डोळ्याला फॉर्टी इयर्स इग्नोअर केलंत. तो बोअर होऊन आता स्वतःचा सिनेमा लावतोय." यशोधन हसला. "काकूंचं सगळं झालं, त्याचाही स्ट्रेस असतो. झोप येते ना?"

"झोप येते. डाव्यावर पॅड लावून बसलो तर?"

"बसा की. नो हार्म अॅट ऑल."

घरी आल्यावर लीलाबाईंनी विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला, डोळे पंचविशीतल्या मुलाचे आहेत."

"मग त्या मुलाला म्हणावं, समोर मीठ आहे ते आधी बघ आणि मला दे."

५

पॅड लावायच्या आधी डॉक्टरांनी एकदा शेवटचं बघून घेतलं. तो फाटकाशी नव्हता. पाण्याच्या टाक्याशी होता, आणि करंगळीच्या नखाएवढा न राहता अंगठ्याच्या नखाएवढा झाला होता. मेंदूतल्या चित्राचं माप रोज एकच असावं असा काही नियम नाही, असं डॉक्टरांनी स्वतःला बजावलं. मग जुन्या ड्रॉवरमधून कापसाचं पॅड काढलं, डाव्या डोळ्यावर ठेवलं आणि चिकटपट्ट्यांनी पक्कं केलं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. निरगुडकरांनी मात्र त्यातला एक आपण होऊन परत केला.

दुर्बिणीत आता फक्त ससे होते. मधला स्कोप त्यांनी रायफलीवर बसवला, पन्नास यार्डांवर कागद लावून गोळी न् गोळी मोजून नेम जुळवला. चोवीसवाला डेरेकला परत केला. छोटा चारवाला मात्र टेहळणीसाठी ठेवून घेतला, कारण लीलाबाई वाफ्यात असताना बंदूक कपाटाबाहेर काढायची नाही, हा त्यांनी स्वतःला घालून घेतलेला नियम होता.

"डोळ्याला काय झालं?" डेरेकने विचारलं.

"शिस्त लावतोय."

पहिला ससा पडला तेव्हा डॉक्टरांना फार वाईट वाटलं. त्या रात्री ते जेवले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसले. आठवड्याभरात सशांना कळायचं ते कळलं आणि ते कुंपणाच्या अलीकडे यायचे बंद झाले. मग एका सकाळी डॉक्टरांनी कपाटातली बियांची पुडी काढून बायकोच्या हातात ठेवली.

लीलाबाई पुडीकडे बघत राहिल्या. "माझ्या मेथीसाठी तुम्ही बंदूक घेऊन बसलात? अहो, झुरळ मारायला मला हाक मारत होतात तुम्ही."

"झुरळ अंगावर येतं. ससा येत नाही."

त्या हसल्या. हसता हसता कट्ट्याला धरून खाली बसल्या. आठ महिन्यांनी घरात हा आवाज झाला होता, आणि डॉक्टरांच्या उघड्या डोळ्यात पाणी आलं.

६

जूनपर्यंत तिन्ही वाफे हिरवेगार झाले. लीलाबाई सकाळ-संध्याकाळ तिथेच. पातळभाजी झाली, पराठे झाले, बर्मिंगहॅमच्या मैत्रिणींना फोन सुरू झाले. स्वेटर जाऊन बाह्या वर गेल्या. डॉक्टर पॅड लावून शेडच्या दारात डोळ्यात तेल घालून बसत, निदान एका डोळ्यात तरी.

"अहो, मधल्या वाफ्याच्या टोकाला उगवतच नाहीये," एक दिवस लीलाबाई म्हणाल्या. "हातभर जागा. दोनदा पेरलं मी."

"सावली येत असेल."

"कसली सावली? उघडं रान आहे. माती एवढी गार आहे ना तिथली, फ्रीजमधून काढल्यासारखी."

डॉक्टरांनी जाऊन हात लावला. माती गार होती. खाली पाण्याचा झरा असेल, असं म्हणाले. त्यानंतर दोन-तीनदा त्यांना लीलाबाई त्या टोकाशीच बसलेल्या दिसल्या, खुरपं मांडीवर टाकून. विचारलं तर म्हणायच्या, "इथे आलं की जरा बसावंसं वाटतं." पराठे पुन्हा अर्धे उरायला लागले. बोटांच्या नखांना निळसर झाक आली होती. रक्त तपासलं, ते ठीक होतं.

त्या रविवारी दुपारी उकडत होतं. चिकटपट्टीखाली गाल खाजत होता, म्हणून डॉक्टरांनी पॅड काढलं आणि काही न योजता चारचा स्कोप उचलून उजव्या डोळ्याला लावला. काचेत फाटक दिसलं, मोकळं. कुंपण दिसलं, तेही मोकळं. आणि कडेला, ज्याला कधी काही विचारायचं नाही त्या डाव्या डोळ्याला, वाफे दिसत होते. मधल्या वाफ्याच्या टोकाला लीलाबाई पाठमोऱ्या गुडघ्यांवर बसल्या होत्या, पांढऱ्या पोलक्यात. त्यांच्या मागे वीतभर अंतरावर तो उभा होता.

पुऱ्या मापाचा होता. वीस यार्डांवरचा माणूस जेवढा दिसावा तेवढाच, वेगळं काही नाही. तोंड कुठल्या बाजूला आहे ते कळत नव्हतं. लीलाबाई जराशा मागे रेलल्या, पाठ टेकायला काहीतरी असावं तशा.

डॉक्टरांनी स्कोपवरून डोळा काढला. उन्हात लीलाबाई एकट्या होत्या. ते धावले. अडुसष्ट वर्षांच्या माणसाने धावू नये तसे धावले, वाफा तुडवत गेले आणि बायकोचे दोन्ही हात धरले. हात बर्फ होते.

"काय झालं हो? माझी मेथी तुडवलीत की," लीलाबाई पेंगुळल्या आवाजात म्हणाल्या. "पाच मिनिटं डोळा लागला होता माझा."

७

संध्याकाळी डॉक्टर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आणि एका पाकिटाच्या पाठीवर त्यांनी जागेचा नकाशा काढला. फाटक. टाकं. मधल्या वाफ्याचं टोक. पट्टी लावून रेघ ओढली तर तिन्ही एका रेषेत आली. रेघ पुढे वाढवली. ती शेडच्या दारातल्या स्टुलाला जाऊन भिडली.

लीलेकडे ते येतच नव्हतं. ती फक्त वाटेत बसली होती.

आपली चूक त्यांना आता लख्ख दिसली. स्कोपच्या पॉवरने ते वाढलं नाही, कारण ते स्कोपमधून दिसतच नव्हतं. बिनभिंगाच्या डाव्या डोळ्याला दिसत होतं, जसंच्या तसं, आपल्या खऱ्या मापात. शंभर यार्डांवर पुरुषभर उंचीचं माणूस करंगळीच्या नखाएवढंच दिसतं. दुसरा कुणीही असता तर घाबरून घरात पळाला असता आणि वाचला असता. दुखणं डोळ्यातच असणार असं धरून चालायला डोळ्याचा डॉक्टरच लागतो. पॅड लावून त्यांनी खिडकी बंद केली आणि रस्ताही बंद झाला असं समजून बसले.

"लीला," ते म्हणाले, "चार दिवस बागेत जाऊ नकोस. ऊन फार आहे."

लीलाबाईंनी हातातली पोळी तव्यावर टाकली. "बरं," म्हणाल्या. "राहू दे, म्हणता."

डॉक्टरांना ते ऐकवलं नाही. "तसं नव्हे," ते घाईघाईने म्हणाले. "जा. जरूर जा. मी बघतो."

रात्रभर त्यांनी विचार केला. स्कोप विकून टाकावा, तर ते थांबेल याचा पुरावा नव्हता. पॅड होतं तेव्हाही ते चालतच होतं. यशोधनकडे गेलं, तर तो प्रेमाने गोळ्या देईल. घर सोडून वॉटफर्डला बहिणीकडे जावं, तर रेघ वॉटफर्डपर्यंत वाढेल. त्याला डोळा सापडला होता. ते आज ना उद्या खिडकीशी येणार, जिन्याने वर येणार, पलंगापर्यंत येणार, आणि पलंगावर डावीकडे लीला झोपते. येऊ द्यायचं की नाही हे आता निरगुडकरांच्या हातात नव्हतं. कुठे येऊ द्यायचं, एवढं होतं.

सकाळी त्यांनी स्टूल आणि टेबल उचललं आणि गॅरेजच्या भिंतीशी, कंपोस्टच्या ढिगाऱ्यापलीकडे नेऊन ठेवलं. तिथून वाफ्याच्या टोकापर्यंत रेघ ओढली तर मध्ये नुसतं गवत लागत होतं. पॅड त्यांनी कचऱ्यात टाकलं. स्कोप लावला, उजवा डोळा फाटकावर ठेवला आणि डावा उघडा सोडून दिला.

ते वाफ्याच्या टोकाशी होतं. हलताना ते कधीच दिसायचं नाही. डॉक्टर तासभर तसेच बसले, मान अवघडली तरी हलले नाहीत. तासाने ते वाफ्यात नव्हतं. वाफ्याच्या बाहेर, दोन हात अलीकडे, गवतात उभं होतं. वाकडी वाट करून त्यांच्याकडे वळलं होतं.

दुपारी लीलाबाईंनी मातीत हात घातला. "अहो, इथली माती आज ऊबदार लागतेय," त्या ओरडून म्हणाल्या. "तुमचा झरा आटला वाटतं!"

डॉक्टरांना फार आनंद झाला. मग त्यांना भीतीही वाटली. पण ती नंतर वाटली.

८

गुरुवारी संध्याकाळी लीलाबाईंच्या चार मैत्रिणी बर्मिंगहॅमहून जेवायला येणार होत्या. चारला ऊन उतरायच्या आधीच त्या टोपली घेऊन वाफ्यात गेल्या. दोन दिवसांत नखांचा रंग परत आला होता. सकाळी दोन पराठे खाऊन तिसरा डॉक्टरांच्या ताटातून उचलला होता.

डॉक्टरांनी दाढी केली, स्वच्छ शर्ट घातला, रायफल कपाटात आहे आणि कपाटाला कुलूप आहे हे दोनदा बघितलं. मग छोटा स्कोप घेऊन गॅरेजच्या भिंतीला पाठ लावून बसले. सकाळी ते कंपोस्टच्या ढिगाऱ्यापाशी होतं. पाच पावलं.

त्यांनी उजवा डोळा लावला. फाटक, वेली, बिजागरी. एक ससा कुंपणातून डोकावला आणि मागे फिरला. वाफ्यातून देठ तुटल्याचा बारीक आवाज येत होता, आणि लीलाबाई गुणगुणत होत्या, सूर नेहमीसारखा जरा खाली. डाव्या डोळ्याकडे लक्ष द्यायचं नाही. चाळीस वर्षांची सवय. आज तिच्यावर जोर द्यावा लागत होता.

आधी डावीकडचा ढिगारा दिसेनासा झाला. मग गॅरेजचा कोपरा. मग आकाश. डावी बाजू सगळी भरून गेली आणि काय आहे ते न बघता त्यांना दिसायला लागलं. कापड होतं. जाड, राखी रंगाचं, कुठे कुठे विटलेलं. विणीतला एकेक धागा मोजता येईल इतकं स्वच्छ दिसत होतं, आणि एवढ्या जवळचं स्वच्छ दिसणं या वयाच्या डोळ्याला शक्य नसतं, हे डॉक्टर पद्माकर निरगुडकरांना पक्कं माहीत होतं.

आत्ता उठता येईल, असं त्यांच्या मनात आलं. उठून घराकडे चार पावलं टाकली की झालं. पण मग रेघ पुन्हा बदलेल, आणि घराच्या आणि त्यांच्या मध्ये वाफे होते. ते उठले नाहीत. त्यांनी टेबलाची कड धरली आणि फाटकाकडे बघत राहिले.

कापडाला एक आडवी घडी पडली. मग तिच्या खाली दुसरी. ते कमरेत वाकत होतं. डाव्या गालाला गारवा लागला.

"अहो," वाफ्यातून लीलाबाईंनी हाक मारली. "दिसतोय का एखादा?"

"नाही," डॉक्टर मान न हलवता म्हणाले. आवाज नेहमीसारखा निघाला, याचं त्यांना बरं वाटलं. "कुणी नाही. तू खुडत राहा."

लीलाबाई पुन्हा गुणगुणायला लागल्या. डॉक्टरांनी डावा डोळा मिटला नाही.